निर्दोष सुटलात? त्या दिवसापासून वर्ष मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात ‘निर्दोष मुक्तता’ अशी बातमी अधूनमधून येते. चौकट लहान असते. कोणत्या न्यायालयाचा निकाल, ‘सबळ पुराव्याअभावी’ हे ठरलेले शब्द आणि शेवटी संशयितांच्या वतीनं कोणत्या वकिलांनी काम पाहिलं ते. फोटो असला तर कोर्टाच्या पायऱ्यांवर हात उंचावलेली माणसं. अशी कात्रणं मी 34 वर्षं कापून ठेवली, कारण ते माझ्या कामातलंच होतं. बेळगावच्या कोर्टात मी वकिलांकडे कारकून होतो. दावा टाइप करायचा, नकलेसाठी अर्ज द्यायचा, समन्स बजावणाऱ्या बेलिफाबरोबर जाऊन घर दाखवायचं, तारखा डायरीत उतरवायच्या. आता घरी आहे. त्या चौकटीत एक ओळ कधीच नसते. ती आपण छापावी एवढीच माझी विनंती आहे. पण ती ओळ मला कशी सुचली हे सांगितल्याशिवाय तिचं मोल कळणार नाही, म्हणून थोडी जागा द्या.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात दिलेली आहे. तांबडी माती, पावसाळ्यात भात, माळावर रताळी. 2018 साली तिचा धाकटा मुलगा 19 वर्षांचा होता. पहाटे उठून घाटाच्या रस्त्यावर पळायचा, कारण त्याला मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीत उतरायचं होतं. दिवसा बापाच्या छोट्या टेंपोतून रताळ्याची पोती एपीएमसीत पोचवायची. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. रविवारी रात्री रिकामा टेंपो घेऊन परत येताना त्याला अडवलं. कागद सगळे होते, फक्त विमा चार दिवसांपूर्वी संपला होता. दंड मागितला, तो द्यायला हा तयार झाला. चूक कुठं झाली असेल तर इथं: त्यानं पावती मागितली.

रविवारी रात्री त्याला ठाण्यात नेलं. सोमवारचा सगळा दिवस आणि रात्र तो आत होता. मंगळवारी संध्याकाळी मॅजिस्ट्रेटपुढं उभा केला, तेव्हा कागदावर असं होतं की मंगळवारी पहाटे सहाला नाकाबंदीवरच्या पोलिसाला यानं ढकललं आणि शिवीगाळ केली. भारतीय दंड संहितेची कलमं 353 आणि 504. टेंपो जप्त. महजर, म्हणजे पंचनामा, कन्नडमध्ये, त्यावर दोन पंचांच्या सह्या. सध्या दावा चालू आहे म्हणून ठाण्याचं नाव लिहीत नाही, कुणा माणसाचंही नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? पोरगा म्हणाला, नाही. नंतर मी त्याला रागावलो तेव्हा तो म्हणाला, “मामा, मागं तेच उभारलेले ओ. काय म्हणून बोलू मी?” त्याचे तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. शुक्रवारी जामीन झाला. भीतीपोटी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलंच नाही. गावातल्या डॉक्टरांकडे मलम आणि गोळ्या घेतल्या. म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढं तक्रार नाही आणि सरकारी डॉक्टरचा दाखलाही नाही. दोन्ही चुका मी दुसऱ्यांच्या प्रकरणात किती वेळा पाहिल्या होत्या, आणि घरची वेळ आल्यावर त्याच केल्या.

एक गोष्ट मात्र हातून बरोबर झाली. सोमवारी सकाळी अक्काचा फोन आल्यावर मी तिच्या वतीनं एक अर्ज लिहिला: ‘माझ्या मुलाला काल रात्रीपासून ठाण्यात ठेवलं आहे, कारण कळवावं, सोडावं.’ तो ठाण्यात न देता वरिष्ठांच्या कार्यालयात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, ही कारकुनाच्या हाताची सवय. त्या शिक्क्यानंच पुढं खटला मोडला. मंगळवारी पहाटे गुन्हा करणारा मुलगा सोमवारी सकाळीच ठाण्यात कसा होता, या प्रश्नाला सरकार पक्षाकडे उत्तर नव्हतं. दोन्ही पंचांनी साक्षीत सांगितलं की सह्या ठाण्यात बसून केल्या. 2024 च्या श्रावणात तो निर्दोष सुटला. पावणेसहा वर्षं आणि 43 तारखा.

त्या वर्षांत काय काय गेलं याची यादी फार मोठी नाही. टेंपो चार महिने ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभा राहिला, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अंगावर फौजदारी खटला असलेल्या मुलाला सैन्यात कोण घेणार? साध्या शिपायाच्या भरतीला वयाची अट होती 21 वर्षांची, सुटला तेव्हा तो 25 चा होता. आता तो टेंपोच चालवतो. पहाटे पळायला जात नाही.

निकालाच्या दिवशी अक्कानं पेढे वाटले. गावातल्या तरुण मंडळानं हार घातला. मी चहा घेत बसलो होतो, आणि कपबशी हातात असतानाच एकदम आठवलं की आजपासून एक वर्ष.

हे वर्ष म्हणजे काय, ते नीट लिहितो, कारण या पत्राचं सगळं सार त्यात आहे. 1963 च्या मुदत कायद्याच्या तक्त्यात 73 आणि 74 क्रमांकांच्या दोन ओळी आहेत. पहिली ओळ बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलच्या भरपाईची. सुटका झाल्यापासून एक वर्षात दावा लावायचा. दुसरी ओळ खोडसाळपणे खटला भरल्याबद्दलच्या भरपाईची. निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य रीतीनं संपल्यापासून एक वर्षात. कायद्याच्या आधारानं केल्याचं म्हटलेल्या कृत्याबद्दलचा दावा असेल, तर 72 वी ओळही एकाच वर्षाची. लॉकअपमधली मारहाण कायद्याच्या आधारानं केलेलं कृत्यच नव्हे, म्हणून तिथं तीन वर्षांची मुदत धरावी असा युक्तिवाद करता येतो, आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या एका प्रकरणात त्याच धर्तीचा युक्तिवाद मान्य केला आहे. पण त्या भरवशावर कुणी बसून राहू नये. एक वर्षच मनात धरावं.

2018 साली या ओळी मला पाठ होत्या. तरीही अक्कानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, “राहू दे गं. आधी केस मिटू दे. पोलिसांशी वैर घेऊन गावात राहायचं आहे आपल्याला.” ते वर्ष गेलं. बेकायदा डांबल्याचा दावा तिथंच मेला. मुलाच्या तळपायांचा दावा तीन वर्षं धरली तरी मेला. माझ्या शब्दावर ती थांबली होती, आणि याची खंत मला आजही आहे. उरला होता फक्त खोट्या खटल्याचा दावा, आणि तो निर्दोष सुटण्याच्या दिवशी जन्माला आला.

आपल्या भागात दाव्याचं कुणाला नवल नाही. हातभर बांध सरकला तर आपण हद्दीचा दावा लावतो. विहिरीच्या पाळीसाठी, गोठ्याच्या वाटेसाठी सख्खे भाऊ मनाई हुकूम आणतात. आजोबांनी लावलेल्या वाटणीच्या दाव्यात नातू वारस म्हणून रेकॉर्डवर येतात. सीमाप्रश्नाचा सगळ्यात मोठा दावाही महाराष्ट्र सरकारनं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात लावला आहे, आणि पोरासोरांनाही तो ठाऊक आहे. आमच्या कार्यालयातून 34 वर्षांत हजारो दावे गेले. त्यात पोलिसांच्या बेकायदा वागण्याबद्दल भरपाई मागणारा एकही नव्हता. जमिनीच्या बांधासाठी कोर्टाची पायरी चढणारा माणूस स्वतःच्या अंगावर वळ उठले की निवेदन देतो. 17 जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाकडे जातो. पोलिसी बळाची आठवण या भागात घराघरात आहे. येळ्ळूरला 2014 च्या जुलैमध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून लाठीमार झाला, लोकांना घरात शिरून मारल्याची चित्रं सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिली, आणि खटले मात्र गावकऱ्यांवरच वर्षानुवर्षं चालले. त्यातल्या काही खटल्यांत गावकरी निर्दोष सुटले. अशा प्रत्येक निकालाच्या दिवशी सुटलेल्या माणसासाठी एक दार उघडतं आणि वर्षानं बंद होतं. आपण हार घालतो, फोटो काढतो, घरी जातो.

इथं एक गैरसमज दूर करतो. भाचा आत होता त्या रात्री लॉकअपमध्ये गोकाककडचा एक कन्नड मुलगाही होता, सेंट्रिंगच्या कामाला आलेला. त्यालाही तेवढाच मार पडला. त्याच्यासाठी अर्ज लिहायला तर कुणी मामाही नव्हता. मराठी माणसाला इथं भाषेपायी जास्तीचं सोसावं लागतं हे मी नाकारत नाही. महजर कन्नडमध्ये, माझ्या मेव्हण्यांनी टेंपो सोडवताना सही केलेला कागद कन्नडमध्ये, त्यात काय लिहिलं होतं ते त्यांना दोन दिवसांनी कळलं. पण पावती मागणाऱ्याला मारणं हा सीमाप्रश्न नव्हे. आमचा दावा चालवायला तीन मराठी वकील तयार झाले नाहीत. त्यांचा मला राग नाही. रोज जामिनाच्या कामासाठी ज्या ठाण्यात जायचं, त्याच ठाण्यातल्या माणसावर दावा लावायला छाती लागते. शेवटी वकीलपत्र घेतलं ते एका कन्नड भाषिक वकिलांनी. अक्काला त्यांचं मराठी कळतं, त्यांना अक्काचं कळतं, काम चाललं आहे.

आता पोलिसांवर दावा लावून सरकारकडून पैसे मिळतात का, हा प्रश्न मला गावात दहा जणांनी विचारला आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

1947 च्या सप्टेंबरमध्ये अमृतसरचा एक सराफ माल घेऊन मेरठला उतरला. पोलिसांनी बाजारात अडवून त्याच्याकडचं 103 तोळे सोनं आणि दोन मणांहून जास्त चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो सुटला. चांदी परत मिळाली. सोनं जप्त माल ठेवायच्या मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलनं लांबवलं, आणि तो पाकिस्तानात पळाला. सराफानं सरकारवर दावा लावला. 1964 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: पोलिसांचा निष्काळजीपणा खरा, पण अटक आणि जप्ती ही राज्याच्या सार्वभौम सत्तेची कामं आहेत, त्यासाठी सरकारवर भरपाई बसत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश आपले साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांनी त्याच निकालात हेही लिहिलं की ही स्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळांनी यासाठी कायदा करावा. सरकारच्या उत्तरदायित्वाचा कायदा व्हावा अशी शिफारस विधी आयोगानं 1956 सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात केली होती. साठच्या दशकात संसदेत विधेयक आलंही. पण कायदा झाला नाही तो नाहीच.

वकील मंडळी कस्तुरीलाल निकाल म्हणतात तो हाच. सरकारी वकील आजही कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, त्याचा आधार घेतात. आमच्या दाव्यातही घेतला आहे. पण नंतरच्या निकालांनी त्याची धार पुष्कळ कमी केली. 1983 साली बिहारमधल्या रुदुल साह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रथमच मूलभूत हक्क मोडल्याबद्दल थेट पैसे द्यायला लावले. हा माणूस निर्दोष सुटल्यावरही 14 वर्षं तुरुंगात होता. त्याला 35 हजार रुपये मिळाले. रक्कम तुटपुंजी होती हे न्यायालयालाही मान्य होतं, म्हणून निकालात स्पष्ट म्हटलं आहे की राज्यावर आणि दोषी अधिकाऱ्यांवर पुरेशा भरपाईचा दावा लावायला या आदेशानं आडकाठी येत नाही. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. मग ओरिसातल्या एका आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तिचा 22 वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मेलेला सापडला. ते पत्रच याचिका म्हणून धरलं गेलं आणि 1993 साली तिला दीड लाख रुपये द्यायचा हुकूम झाला. नीलाबती बेहेरा प्रकरण ते. आणि अगदी जवळचं उदाहरण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाचं. 2022 साली कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला न वटलेल्या चेकच्या खटल्यातल्या वॉरंटवर पकडताना हातकडी घालून लोकांसमोरून फिरवल्याबद्दल खंडपीठानं त्याला दोन लाख रुपये द्यायला लावले, आणि ते दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायची मुभा सरकारला दिली.

मग उच्च न्यायालयातच का जात नाही, असं कुणी म्हणेल. घटना उघड असेल, कागदावर सिद्ध असेल, तर जावंच. पण पोलीस ‘असं घडलंच नाही’ म्हणाले की तिथल्या रिट याचिकेत साक्षीपुरावा होत नाही, न्यायालय बहुधा दिवाणी कोर्टाकडे बोट दाखवतं. आणि दिवाणी कोर्टात जे होतं ते दुसरीकडे कुठं होत नाही. ठाण्याची डायरी मागवता येते. अधिकाऱ्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपास घेता येतो. फौजदारी खटल्यात संशयाला जागा उरता कामा नये एवढा पुरावा लागतो. दिवाणीत पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं.

खोट्या खटल्याचा दावा सोपा मात्र नाही. नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. खटला वाजवी कारण नसताना भरला आणि भरणाऱ्याच्या मनात आकस होता, हे आपणच सिद्ध करायचं असतं. म्हणून निकालपत्राची नक्कल लगेच काढून शब्द न् शब्द वाचावी लागते. ‘संशयाचा फायदा’ एवढंच लिहिलं असेल तर दावा लंगडा. आमच्या निकालपत्रात त्या आवक शिक्क्यावर दीड पान आहे.

रक्कम ठरवताना मी आणि वकीलसाहेब दोन संध्याकाळी बसलो. 43 तारखांची बुडालेली मजुरी, बँकेचं व्याज, वकिलांची फी, टेंपोची दुरुस्ती, हे सगळं कागदावर आलं. भरतीचं काय लिहायचं ते सुचेना. तो निवडला गेलाच असता असं कोण सांगणार? पण धावायची संधी त्याची होती, ती गेली. शेवटी सगळं मिळून सहा लाख लिहिले. अक्का म्हणाली, “पैशाचं बघा तुम्ही. मला तेवढं, त्यानं काय केलं नव्हतं हे सरकारनं लिहून द्यावं.”

दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस द्यावी लागते, राज्य सरकारला आणि त्या अधिकाऱ्यांना, आणि दोन महिने वाट पाहावी लागते. हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात, पण ते वगळले जातात म्हणून अकराव्या महिन्यात जागं होऊ नये. खर्चाचं म्हणाल तर महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्यांची समिती असते. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावायची सोयही आहे.

खरी धोंड आहे ती 1963 च्या कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम 170. कर्तव्याच्या आवरणाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून पोलिसानं केलेल्या कृत्याबद्दल खटलाच काय, दिवाणी दावाही सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्टानं दाखल करून घेऊ नये, असं ते म्हणतं. वर दोन महिन्यांची वेगळी नोटीस. ती दिली नाही तर दावा फेटाळायचा. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाचा अर्थ लावताना सांगितलं, की कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मर्यादेबाहेर गेलेल्या कृत्यालाही हे संरक्षण मिळतं. संबंधच नसेल तर मिळत नाही. म्हणजे ज्या सरकारकडून भरपाई मागायची, त्याच सरकारला आधी विचारायचं, ‘साहेब, तुमच्यावर दावा लावू का?’ आम्ही गृहखात्याकडे मंजुरी मागितली. उत्तर आलेलं नाही. आमचं म्हणणं असं की सोमवारी ठाण्यात असलेल्या मुलावर मंगळवारचा गुन्हा रचणं हे कुठल्याच कर्तव्यात बसत नाही, म्हणून मंजुरी लागत नाही. सरकार म्हणतं लागते. गेलं वर्षभर आमचा दावा याच एका मुद्द्यावर उभा आहे.

सीमेपलीकडे कोल्हापूर, चंदगडकडे आपला अंक वाचणाऱ्यांनीही सावध असावं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 161 मध्ये अशा दाव्याला सहाच महिने आहेत. बेळगाव मुंबई राज्यात राहिलं असतं तर आम्हाला तेच लागू झालं असतं. तिकडे मुदत तोकडी, इकडे मंजुरीची धोंड.

दरवर्षी हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार बेळगावात, सुवर्ण विधानसौधमध्ये येतं. त्याच दिवसांत आपल्या मराठी भाषिकांच्या मेळाव्याला परवानगी मिळते की नाही यावर पानं भरतात. माझी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यांना आणि इथल्या सर्व पक्षांच्या आमदारांना कळकळीची विनंती आहे, की या वेळी कलम 170 मधला ‘दावा’ हा शब्द काढून टाकावा ही मागणीही निवेदनात लिहा. निदान लॉकअपमधली मारहाण आणि खोटा गुन्हा यांना मंजुरी लागू नये. या मागणीवर बैलहोंगलचा कन्नड शेतकरी आणि खानापूरचा मराठी शेतकरी शेजारी शेजारी सही करतील. आपल्या निवेदनांवर अशा सह्या मी तरी फारशा पाहिलेल्या नाहीत.

माझी दुसरी विनंती घराघरातल्या आयांना आणि मामांना. कुणाला उचलून नेलं की आधी लेखी अर्ज द्या, वरिष्ठांच्या कार्यालयात, आणि पोच घ्या. वकिलांच्या ओळखीचा शोध नंतर. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं आणायला हवं, प्रवासाचा वेळ सोडून. मुलाला वकिलांमार्फत निरोप द्या की न्यायाधीशांनी विचारलं की खरं सांग, मागं कोण उभं आहे ते बघू नको. सुटल्यावर पहिल्यांदा सरकारी दवाखाना, मग घर. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि त्यातलं चित्रण शक्यतो 18 महिने, निदान वर्षभर राखलं पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा हुकूम आहे. ते चित्रण मागणारा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. नंतर ‘यंत्र बिघडलं होतं’ असं उत्तर आलं तरी तेही लेखी घ्या, ते उत्तरसुद्धा दाव्यात कामाला येतं.

पोलिसांबद्दल माझ्या मनात सरसकट कडू भाव नाही. वरिष्ठांच्या कार्यालयात ज्या पोलीस कर्मचाऱ्यानं माझ्या अर्जावर मुकाट्यानं शिक्का मारला, त्यानं त्याचं काम नेमकं केलं, आणि त्या एका शिक्क्यानं माझा भाचा वाचला. मला त्याचं नाव माहीत नाही. तो भेटला तर मी त्याचे पाय धरीन. निरपराध माणसाला कोठडीची शिक्षा करून कोर्टाकडे केवळ कागद पाठवणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. निराधार अटक घडवून आणल्याबद्दल फौजदारी कायद्यात भरपाई आहे, ती किती असेल? जास्तीत जास्त एक हजार रुपये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तेवढीच ठेवली आहे, आणि तीही खोटी माहिती देऊन अटक करवणाऱ्याकडून. पोरानं मागितलेल्या दंडाच्या पावतीवरही बहुधा एवढाच आकडा आला असता.

आता माझी मूळ विनंती. आपल्याकडे निर्दोष मुक्ततेची बातमी येईल तेव्हा तिच्या खाली बारीक अक्षरात एवढंच छापा: ‘खोट्या खटल्याबद्दल भरपाईचा दावा लावायचा असल्यास मुदत निकालाच्या तारखेपासून एक वर्ष. त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस आवश्यक. मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे.’ जाहिरातीच्या दरानं पैसे पडणार असतील तर पहिल्या वर्षाचे मी भरतो, अक्कानं तसं सांगितलं आहे.

आमच्या दाव्याची पुढची तारीख जवळ आली आहे. मंजुरी लागते की नाही यावर त्या दिवशी युक्तिवाद आहे. भाचा टेंपो बंद ठेवून येणार आहे, 43 वेळा आला तसाच, फक्त या वेळी वादीच्या बाजूच्या बाकावर बसेल.

आपला नम्र,
एक निवृत्त वकिली कारकून
बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)